पहिल्यासारखा

आपल्या भाषेत काही वाक्ये अशी आहेत, की ती बोलणाऱ्याला आपण तत्त्वज्ञान बोलतो आहोत याची कल्पनाही नसते. ‘तो आता पहिल्यासारखा राहिला नाही’ हे त्यांतलेच एक. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी पारावर घटकाभर बसावे. कोणाबद्दल तरी हे वाक्य कानी पडतेच. गळिताचा हंगाम सुरू झाला, की अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर कोणीतरी मागून मोटारसायकल घालतो. अकोल्याच्या डोंगराकडे कोणी हिरड्याच्या झाडावरून पडतो. कोठे विहिरीचे काम चालू असता वरून दगड सुटतो. महिना-दीड महिना लोणीच्या, नगरच्या किंवा पुण्याच्या इस्पितळात काढून माणूस घरी येतो. जखम भरलेली असते, भादरलेले केस पुन्हा उगवलेले असतात. जेवतो, चालतो, हाक मारली तर ओ देतो. पाहुणे येतात, ‘थोडक्यात निभावले’ म्हणतात, चहा घेतात आणि एस्टीची वेळ झाली म्हणून उठतात. पुढे चार-सहा महिन्यांनी घरातलीच बाई माहेरी गेली असता आईजवळ हळूच ते वाक्य बोलते. इतके दिवस ती ते बोलली नव्हती, कारण बोलणे म्हणजे कृतघ्नपणा होईल असे तिला वाटत होते. माणूस वाचला, आणखी काय हवे?

आणखी काय हवे, हाच खरोखर प्रश्न आहे. पहिल्यासारखा राहिला नाही, तर मग हा जो राहिला आहे तो कोण? आणि आपण जे काही देणे लागतो, ते त्या पहिल्याला की ह्या दुसऱ्याला?

बदल झाला तरी वस्तू तीच कशी राहते, हे कोडे आपल्याला इतर बाबतींत फारसे छळत नाही. आमच्या शहराचेच पाहा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते वसले. राज्ये आली, गेली. २०२४ साली त्याचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु बाजारहाटाला निघालेला माणूस आजही ‘नगरला चाललो’ असेच म्हणतो आणि नेमका तेथेच पोचतो. गावाचे, नदीचे, देवळाचे असे चालून जाते. माणसाचे मात्र चालत नाही. कारण गाव आपल्याला ओळखत नसते; माणूस ओळखत असतो. त्याच्या ओळखण्यात, रागावण्यात, थट्टा करण्यात आपलाही काही अंश ठेवलेला असतो. तो बदलला, म्हणजे आपलेही काहीतरी हरवते.

हरवले काय, हे सांगायला आपल्याकडे शब्द मात्र फार थोडे आहेत. ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘भ्रमिष्ट झाला’, ‘सरकला’, आणि सगळ्यांच्या शेवटी ‘वेडा’. एकदा हा शब्द चिकटला, की पुढचे कोणी पाहत नाही. निजामशाहीतला मुर्तजा निजामशहा १५६५ साली गादीवर आला आणि १५८८ साली पोटच्या मुलाच्या हातून मारला गेला. मधल्या वर्षांत वऱ्हाड जिंकून घेतलेला हा सुलतान पुढे लोकांतून उठून एकांतात राहू लागला. इतिहासाने त्याला ‘दिवाणा’ म्हटले आणि आपले काम संपवले. त्याच्याच कारकीर्दीत पुरा झालेला फराहबाग नगरला अजून उभा आहे. त्याला काय होत होते, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण एका शब्दाने माणसाची चौकशी कशी थांबते, ह्याचे ते चांगले उदाहरण आहे. सुलतानाची जी गत, तीच वाडीवरच्या सखाराम-तुकारामाची.

म्हणून थोडी चौकशी करू. मेंदू म्हणजे सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅम वजनाचा, लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ पदार्थ. शरीराच्या वजनाचा तो जेमतेम पन्नासावा हिस्सा. पण शरीरात येणाऱ्या प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. कवटीच्या आत तो पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. वेगात असलेले डोके एकाएकी थांबले, की कवटी थांबते, पण मेंदू थांबत नाही. तो पुढच्या हाडावर आपटतो, उलटून मागच्या हाडावर आपटतो आणि गरकन फिरतोही. कवटीचा तळ आतून खडबडीत आहे, आणि कपाळाच्या व कानशिलाच्या मागचे भाग त्यावर घासले जातात. म्हणून मार डोक्याच्या मागे लागला तरी इजा पुष्कळदा कपाळामागे सापडते. शिवाय ह्या फिरण्यात मेंदूतले अतिशय बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. ही तुटफूट इतकी सूक्ष्म असते, की सीटी स्कॅनच्या चित्रात ती पुष्कळ वेळा दिसतही नाही. डॉक्टर फोटो पाहून ‘ठीक आहे’ म्हणतात, ते खोटे बोलत नसतात. आणि बायको ‘ठीक नाही’ म्हणते, तीही खोटे बोलत नसते.

कपाळामागचा हा भाग काय करतो? तो हात हलवीत नाही की डोळ्यांनी पाहत नाही. कामाला सुरुवात कोठून करावी, तोंडाशी आलेला शब्द कोठे गिळावा, आज काय केले असता उद्या काय होईल, समोरच्याला काय वाटत असेल, हे सारे पाहण्यात त्याचा मोठा वाटा असतो. म्हणजे ज्याला आपण ‘स्वभाव’ म्हणतो, ‘संस्कार’ म्हणतो, ‘भीडभाड’ म्हणतो, त्यांचा बराचसा कारभार तेथे चालतो. तो बिघडला, की सकाळी सहाला मळ्यात जाणारा माणूस नऊपर्यंत खाटेवर बसून राहतो आणि लोक त्याला आळशी म्हणतात. दोन माणसे एकदम बोलू लागली, की तो उठून जातो आणि लोक त्याला शिष्ट म्हणतात. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट भिरकावतो आणि लोक म्हणतात, ‘हल्ली माजला आहे’. ह्याहून विचित्र गोष्ट अशी, की आपण बदललो आहोत हे पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या ध्यानातच येत नाही. ते ध्यानात आणून देणारा अवयवही मेंदूच. ज्या काट्याने वजन करायचे, तोच वाकलेला. तेव्हा ‘मला काय धाड भरली आहे?’ असे तो मनापासून विचारतो.

ह्या विषयात एक जुनी अमेरिकन कथा नेहमी सांगतात. १३ सप्टेंबर १८४८ ह्या दिवशी व्हरमाँट प्रांतात कॅव्हेंडिश गावाजवळ रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनिअस गेज नावाच्या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून साडेतीन फुटांहून लांब पहार शिरली आणि कवटी फोडून वर निघून गेली. तो मेला तर नाहीच. थोड्याच वेळात बोलू-चालू लागला. त्याच्या डॉक्टर हार्लोने पुढे लिहून ठेवले, की स्मरणशक्ती शाबूत असूनही हा पूर्वीचा कर्तबगार, समंजस मुकादम लहरी आणि शिवराळ झाला. आणि त्याचे सोबती जे बोलत, ते बरोबर आपल्या पारावरचेच वाक्य होते. हा अर्धा भाग जगभर पाठ आहे. उरलेला अर्धा मात्र फारसा कोणी सांगत नाही. पुढे हा गेज दक्षिण अमेरिकेत चिली देशात गेला आणि तेथे कित्येक वर्षे त्याने सहा घोड्यांची टपालगाडी हाकली. पहाटे उठणे, घोडे जुंपणे, उतारूंचे सामान लावणे, परक्या भाषेच्या मुलखात बिकट वाटेने गाडी वेळेवर नेणे, हे काम कोणा निव्वळ लहरी, शिवराळ माणसाला जमणारे नव्हे. रोजच्या ठरलेल्या क्रमाने त्याला पुन्हा पुष्कळसे सावरले असावे. १८६० साली तो फेफऱ्याच्या झटक्यांनी वारला. ‘पहिल्यासारखा राहिला नाही’ हे जगाने लक्षात ठेवले. ‘दुसऱ्या प्रकाराने उभा राहिला’ हे विसरले.

आता तत्त्वज्ञांकडे वळू. सतराव्या शतकातला इंग्रज पंडित जॉन लॉक म्हणतो, की माणसाचे ‘तोच’ असणे त्याच्या स्मृतीवर उभे आहे. कालचे जो आपले म्हणून आठवतो, तोच कालचा माणूस. ऐकायला हे पटते. परंतु गेजची स्मृती शाबूत होती आणि तरी सोबत्यांना तो परका वाटला. उलट, १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन ह्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवे काही आठवेनासे झाले. घटकेपूर्वी भेटलेला माणूस पुन्हा आला तर तो त्याला नवाच. २००८ साली मरेपर्यंत पंचावन्न वर्षे तो असा जगला. पण सौम्य, विनयशील, थट्टेखोर असा जो तो होता, तसाच राहिला. एकाची स्मृती होती आणि स्वभाव गेला. दुसऱ्याची नवी स्मृती गेली आणि स्वभाव राहिला. तेव्हा माणसाला बांधून ठेवणारी ती एकच दोरी कोणती, हा हिशेब लॉकच्या पद्धतीने सुटत नाही.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी, आणि तेही ह्याच जिल्ह्यात, मराठीतून दिले गेले आहे. नेवाशाला प्रवरेच्या काठी १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. वेदान्ताची भूमिका अशी, की मन, बुद्धी, चित्त, अहंकार ही सारी आत्म्याची उपकरणे. उपकरण मोडले म्हणून धनी मोडत नाही. ह्या विचारात मोठा धीर आहे. खाटेवर पडलेल्या माणसाकडे निव्वळ मातीचा गोळा म्हणून पाहायला तो कोणालाही मनाई करतो. परंतु वेदान्ताने आत्मा वाचवला, तरी घरच्या बाईचा प्रश्न आत्म्याचा नसतो, नवऱ्याचा असतो. आत्मा पूर्वीसारखाच निर्विकार आहे, हे तिला मान्य असते. पण आज संध्याकाळी दुधाचे पैसे हरवून आलेल्या माणसाशी काय बोलावे, हे त्यातून कळत नाही.

बौद्धांनी दुसरी वाट धरली. मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू ह्यांच्या प्रसिद्ध संवादात दिव्याचा दृष्टान्त येतो. रात्रभर दिवा जळत असतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणावी काय? एक नव्हे, आणि वेगळीही नव्हे. एकीतून दुसरी निघत राहिली, एवढेच. दिवाळीच्या दिवसांत हा दृष्टान्त आपल्याला चटकन कळतो, कारण पणत्यांशी आपली ओळख हातांची असते. वाऱ्याने ज्योत लवते, काजळते, कधी पार बारीक होते. आणि तिच्याजवळ बसलेले कोणीतरी वात पुढे सारते, तेल घालते, हाताचा आडोसा धरते. ज्योतीचे चालू राहणे काही अंशी तिच्या बाहेरही असते. माणसाचेही तसेच असावे. त्याचा ‘तो’पणा त्याच्या डोक्यात जितका असतो, तितका नसला तरी थोडासा त्याला हाक मारणाऱ्यांच्या तोंडातही असतो. त्याला जे आठवत नाही, ते त्याच्या वतीने इतरांनी आठवून ठेवलेले असते.

पण येथेच आपण एक चूक करतो. ज्योतीला आडोसा धरण्याऐवजी आपण तिची परीक्षा घेऊ लागतो. असा माणूस घरी असला, की दिवाळीला येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे बसतो आणि हसत विचारतो, ‘ओळख पाहू मी कोण?’ विचारणाऱ्याच्या मनात माया असते, शंका नाही. परंतु उत्तर चुकले तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते त्या माणसाला दिसते. तेवढे दिसण्याइतका मेंदू बहुधा शाबूत असतो. ‘मी तुझा मावसभाऊ, राहुरीहून आलो, आपण बरोबर शाळेत होतो’ एवढे आपण होऊन सांगितले तर काय बिघडते? ओळख पटवून घेण्याचा हट्ट सोडून ओळख द्यावी. भाऊबिजेला बहिणीने ओवाळताना त्याला तिचे नाव आठवले नाही, तरी ती बहीण असतेच. नाते दोन्ही टोकांनी धरलेले असते. एका टोकाचा हात सैल पडला, तर दुसऱ्याने थोडे घट्ट धरायचे, इतकेच.

वाचेची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्याने दाखवून दिले, की मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झाली, तर समजत असूनही माणसाला बोलता येत नाही. त्याच्या रुग्णाच्या तोंडून वर्षानुवर्षे ‘टॅन’ एवढाच उच्चार निघत असे. अशा माणसाला आपल्याकडे काय म्हणतात, ते सर्वांना माहीत आहे. वाचा गेली, की बुद्धी गेली असे आपण धरून चालतो आणि त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलू लागतो. आता ह्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट पाहा. अरणगावाजवळ मेहेराबादला १० जुलै १९२५ ह्या दिवशी मेहेरबाबांनी मौन धरले, आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. आधी अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून आणि १९५४नंतर नुसत्या खुणांनी ते बोलत. चव्वेचाळीस वर्षांत त्यांच्या समोर बसलेल्या कोणाला असे वाटले नाही, की शब्द नाहीत म्हणजे आत काही नाही. उलट, लोक अधिक लक्ष देऊन पाहत, खुणेचा अर्थ लावत, चुकला तर पुन्हा विचारत. एकाचे मौन घेतलेले होते, दुसऱ्याचे लादलेले आहे, हा फरक मोठा खरा. पण ऐकणाऱ्याच्या अंगी जो धीर हवा, तो दोन्हीकडे सारखाच. महात्म्यापुढे जो धीर आपल्याला साधतो, तो घरच्या चुलत्यापुढे का साधू नये? ह्याच मेहेरबाबांनी १९३६ साली राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला होता, आणि तेथल्या माणसांना ते स्वतःच्या हातांनी आंघोळ घालीत. त्यांचे अध्यात्म कोणाला पटो न पटो, त्या आंघोळीत एक साधे म्हणणे होते, ते कोणालाही कळावे.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. ताट भिरकावले, हात उगारला, उसनवारी करून पैसे उडवले, तर दोष कोणाचा? कायद्याने १८६० पासून एक तत्त्व मानले आहे, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे: कृत्य करताना त्याचे स्वरूप किंवा त्यातले गैरपण कळण्यास जो मनाच्या विकृतीमुळे असमर्थ असतो, त्याचे ते कृत्य अपराध ठरत नाही. न्यायालयाला होय किंवा नाही असे एक उत्तर द्यावेच लागते. घराला तशी सोय नसते. घरात कोणी म्हणतो, ‘त्याचे काही मनावर घेऊ नका, तो काय माणसात आहे?’ आणि कोणी म्हणतो, ‘सगळे कळते त्याला, सोंग आहे.’ पहिला दयाळू दिसतो आणि दुसरा कठोर. पण नीट पाहिले तर दोघेही त्या माणसापासून सारखेच दूर उभे आहेत. सर्व काही माफ करणे म्हणजे त्याला माणसांच्या यादीतून वगळणे. रागावण्याच्याही लायकीचा तो उरला नाही, असे त्याला सांगणे. आणि सगळा दोष देणे म्हणजे लंगड्याला पळत नाहीस म्हणून बडवणे.

ह्यातून वाट काढायची, तर प्रश्नच बदलला पाहिजे. ‘हा तोच आहे का?’ हे विचारण्यापेक्षा ‘आज ह्याला किती पेलते?’ हे विचारावे. बैल दुखण्यातून उठला, तर शहाणा शेतकरी त्याला लगेच नांगराला जुंपत नाही, आणि जन्मभर दावणीलाही बांधून ठेवीत नाही. आधी हलकी गाडी, मग कुळव, मग पाहू. माणसाच्या बाबतीत आपण एवढा विचार का करीत नाही? ज्याला शंभराचा हिशेब जमत नाही, त्याला दहाचा द्यावा. तो चुकला तर चुकले असे शांतपणे सांगावे, आणि जमला तर दुसऱ्या दिवशी वीसचा द्यावा. एका वेळी एकाने बोलावे, एका वेळी एकच काम सांगावे, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवावा, दुपारी विसावा द्यावा. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, मग वेग मंदावतो. पण ती पुढे वर्षानुवर्षे थोडीथोडी चालू राहू शकते. सहा महिन्यांनी हात टेकणारे आणि सहा महिन्यांत पहिल्यासारखा झाला पाहिजे म्हणणारे, दोघेही घाई करतात.

हे सारे करायचे कोणी? येथे आपण सर्वजण एका दिशेला पाहू लागतो, आणि त्या दिशेला पदर खोचून एक बाई उभी असते. तिला आपण सावित्री म्हणतो. ह्या उपमेत जी सोय आहे, तिच्याकडे कधी लक्ष गेले आहे काय? महाभारतातल्या सत्यवानाचे दुखणेही डोक्याचेच होते. लाकडे तोडता तोडता त्याच्या डोक्यात कळ उठली आणि तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवून निजला. यमाशी वाद घालून तिने त्याला परत आणले, ते मात्र अगदी पहिल्यासारखे. परत आलेला सत्यवान तिला ओळखत नसता, दिवसातून चार वेळा तिच्या अंगावर धावून जात असता, तर पुढच्या चाळीस वर्षांची कथा कोणी सांगितली असती? त्या चाळीस वर्षांना व्रत नाही, वड नाही, पौर्णिमा नाही. तिला सावित्री म्हणून आपण तिची पूजा करतो आणि आपल्या वाट्याचे काम तिच्या पदरात टाकून मोकळे होतो.

तिच्या दुःखालाही रीत नाही. माणूस गेला तर दहावे-तेरावे असते, लोक येतात, रडू देतात, चुलीवर भांडे ठेवू देत नाहीत. येथे माणूस समोर बसून भाकरी खातो आहे, रडायचे कोणासाठी? पण जो गेला तो खरोखर गेलेला असतो. त्याची थट्टा, त्याचा सल्ला, रात्री निजानीज झाल्यावरचे त्याचे बोलणे, हे सारे गेलेले असते. त्या पहिल्यासाठी रडणे म्हणजे ह्या दुसऱ्याचा द्रोह नव्हे. किंबहुना ते रडून झाल्याशिवाय ह्या दुसऱ्याची ओळख करून घ्यायला डोळे मोकळे होत नाहीत. घरच्या वडीलधाऱ्यांनी तिला एवढी मुभा दिली, तरी पुष्कळ झाले.

एका जिवाला हे ओझे जन्मभर पेलणार नाही, ह्याचा पुरावा महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिला आहे. आणि पुष्कळ जीव मिळाले तर ते पेलते, ह्याचाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली तरुण परिचारिका अरुणा शानभाग मूळची उत्तर कानड्यातल्या हळदीपूरची. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. गळ्याभोवती आवळलेल्या साखळीमुळे मेंदूचा प्राणवायू तुटला. ती वाचली, पण त्यानंतर ती भानावर अशी आली नाही. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे, १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, ती त्याच रुग्णालयात राहिली. परिचारिकांनी पाळीपाळीने तिला न्हाऊ घातले, भरवले, कुशीवर वळवले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही तिच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत, हे ऐकून डॉक्टरही माना डोलवीत. लेखिका पिंकी विराणी ह्यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात जाऊन, हे जगणे थांबू द्यावे अशी मागणी केली. त्यांच्या मागणीतही करुणाच होती. तिला क्रूर म्हणणे अन्यायाचे होईल. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती मागणी नाकारली, पण अशा प्रसंगी उपचार थांबवण्याचा मार्ग काही अटींवर देशासाठी मोकळा केला. अरुणेच्या बाबतीत तिची जवळची माणसे कोण, ह्याचेही उत्तर न्यायालयाने दिले: जी इतकी वर्षे तिची काळजी घेत आली, ती केईएमची माणसे.

ह्या गोष्टीतली एक बाजू मला विशेष विचार करायला लावते. १९७३ साली अरुणेबरोबर काम केलेल्या परिचारिका एकेक करून निवृत्त झाल्या. पुढे पुढे तिची शुश्रूषा करणाऱ्या मुली तर त्या घटनेच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. त्यांनी अरुणेला कधी चालताना पाहिले नव्हते, कधी तिचे धड वाक्य ऐकले नव्हते. त्यांच्या लेखी ‘पहिल्यासारखी’ अशी कोणी नव्हतीच. त्यांनी जिच्यावर माया केली, ती खाटेवरची, होती तशी अरुणा. मग माणसाची माया फक्त आठवणींवर जगते, असे कसे म्हणावे? पूर्वीचा माणूस हे प्रेमाचे एक कारण झाले. ते एकमेव कारण नव्हे. आणि दुसरी गोष्ट, ‘पाळीपाळीने’ हा साधा शब्द. त्या मुली देवता नव्हत्या. आठ तासांनी त्यांची पाळी संपत असे, त्या घरी जात, झोपत, सण करीत आणि पुन्हा येत. एकट्या बायकोला, एकट्या आईला जी गोष्ट मोडून टाकते, ती पाळी लावली तर बेचाळीस वर्षे चालू शकते.

आपल्या जिल्ह्यातही पाळी वाटून घेणारी माणसे आहेत. शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे ह्या दांपत्याने ‘माउली’ संस्थेत रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना घर दिले आहे. अशा संस्थांचे आपण कौतुक करतो, देणगीही देतो. परंतु तेथवर माणूस पोचतो, तो वाटेत किती दारांवरून परत फिरवला गेल्यावर, हे विचारीत नाही. देशात २०२२ ह्या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि चार लाख त्रेचाळीस हजारांहून अधिक जखमी झाली, असे सरकारी आकडे सांगतात. मेलेल्यांचा रकाना आहे, जखमींचा आहे. वाचून घरी आलेल्या आणि पहिल्यासारख्या न राहिलेल्या माणसांचा रकाना नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मोजले आहेत. त्यांत मेंदूच्या इजेला स्वतःचे नाव नाही. हात लुळा पडला तर त्या नावाखाली, वाचा गेली तर त्या नावाखाली कागद मिळतो. पण कपाळामागचा कारभार मोडलेल्या, हातीपायी धड दिसणाऱ्या माणसाने कोणत्या खिडकीशी उभे राहावे?

खिडकी उघडेल तेव्हा उघडेल. ती उघडावी म्हणून बोलत राहिले पाहिजे. तोवर घराच्या दारातून करता येण्यासारखे पुष्कळ आहे. हेल्मेट मोटारसायकलच्या आरशाला अडकवून पोलिसाची चौकी आली की डोक्यावर चढवणाऱ्या तरुणाला त्याच्या आईने, बायकोने उंबऱ्यावरच अडवावे. पाडव्याला नव्या गाडीला हार घालताना एक नारळ कमी फोडला तरी चालेल. हेल्मेट दोन घ्यावीत. शेतातल्या ट्रॉलीच्या मागे लाल चकाकणारी पट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत. आणि आपल्या भावकीत, आळीत असा माणूस असेल, तर ह्या चार दिवसांत त्याच्या अंगणात लवंगी माळ लावू नये. फटाक्यांचा आवाज आणि माणसांची दाटी त्याच्या मेंदूला सोसत नाही. त्याच्याकडे फराळाला जावे ते एकेकट्याने जावे, हळू बोलावे, आपले नाव आधी सांगावे. आणि उठताना त्याच्या बायकोला विचारावे, ‘वहिनी, दोन तास मी इथे बसतो, तुम्ही तुमच्या आईला भेटून या.’

ती पहिल्यांदा नको म्हणेल. दुसऱ्यांदा विचारावे.